कंपनी फुटली, त्यानंतर

आमच्या घरात जुनी माणसं कुणाचंही बिनसलं की म्हणायची, "त्यांची कंपनी फुटली." दोन भावांनी मिळून काढलेलं दुकान वेगळं झालं, की कंपनी फुटली. गल्लीतल्या गणेश मंडळाची दोन मंडळं झाली, की कंपनी फुटली. लहानपणी मला वाटायचं की ही कंपनी म्हणजे कारखाना असणार. पुढे कळलं की ही नाटक कंपनी! सांगलीतल्या माणसाच्या तोंडी हा शब्द बसावा यात नवल काहीच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथल्या हरिपूरचे, आणि 'कीचकवध', 'मानापमान' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर खुद्द सांगलीचे. नाटक कंपन्या कशा उभ्या राहतात आणि कशा मोडतात, हे या गावांनी फार जवळून पाहिलं आहे.

तर आज थोडं या फुटण्याबद्दल आणि त्याहून जास्त फुटल्यानंतरच्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

आधी हे लक्षात घ्यायला हवं, की त्या काळची नाटक कंपनी म्हणजे एक फिरतं एकत्र कुटुंब होतं. एकच बिऱ्हाड, एकच मुदपाकखाना, एकाच पंगतीत नट, पेटीवाले, पडदे ओढणारे आणि पोरसवदा शिकाऊ मुलं. मुक्काम हलला की भांड्याकुंड्यांसकट सगळं गाडीत घालायचं. हिशेब एका वहीत. त्यामुळे भांडणंही अगदी घरच्यासारखी. पैसे कुणाच्या हाती, मोठी भूमिका कुणाला, व्यवस्थापक कुणाचं ऐकतो... आपल्या घरांतून जी कारणं असतात तीच. फक्त इथे घरातली माणसं गात होती!

किर्लोस्कर नाटक मंडळीचं उदाहरण बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाला सुरुवात झाली. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, त्यांच्या मागे भाऊराव कोल्हटकरांनी कंपनीचं नाव गाजवलं, तेही १९०१ मध्ये गेले. त्यांची जागा भरून काढणारा मुलगा कंपनीला १९०५ साली मिळाला आणि तो पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभा राहिला आमच्या मिरजेत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. आज मिरजेत त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

१२ मार्च १९११ ला 'मानापमान' आलं. शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. कंपनी अगदी शिखरावर होती. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले आणि घरातला कर्ता माणूस गेल्यावर जे होतं तेच झालं. धुसफूस वाढत गेली. जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे किर्लोस्करमधून निघाले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी उभी केली. तिकडे नव्या गंधर्व मंडळीतही सगळं गोड नव्हतंच. टेंबे थोड्याच वर्षांत तिथूनही बाहेर पडले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. फूट पडली म्हणून सगळं वाईटच झालं असं नाही. १९१६ चं 'स्वयंवर' आणि त्यातलं भास्करबुवा बखल्यांचं संगीत गंधर्व मंडळीत जन्माला आलं. दीनानाथांचा तो तेजस्वी, चमकता आवाज स्वतःच्या कंपनीतच पुरता फुलला. झाडाची फांदी कापून दुसरीकडे लावली की ती कधीकधी मूळ झाडापेक्षा जोमाने वाढते, तसं. म्हणून "अरेरे, फुटले" असा गळा काढण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

मला वेगळाच प्रश्न पडतो. फुटलेले, दुरावलेले लोक पुन्हा एकत्र आले तर काय होतं?

मराठी रंगभूमीवर एकत्र येण्याचा विषय निघाला की एकच तारीख सगळ्यांना आठवते, ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर आणि संयुक्त 'मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला प्रयोग. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. खरं तर हे दोघे एका कंपनीतून फुटलेले नव्हेत. केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व मंडळी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड न बघणारे. पण त्या रात्री दोन कंपन्या एका रंगमंचावर आल्या, आणि त्या प्रयोगाच्या आठवणींवर पुढे मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्या जगल्या. माझ्या आजोबांनी तो पाहिलेला नव्हता, तरी ते पाहिल्यासारखं सांगत असत :)

ती रात्र मोठी होती यात शंका नाही. पण जरा बारकाईने पाहिलं तर त्या रात्री नवं काय झालं? नाटक दहा वर्षांपूर्वीचं. पदं सगळ्यांना पाठ. कारण देशकार्याचं, म्हणजे 'नाही' म्हणायची सोय नाही. आणि प्रयोग संपल्यावर ज्याचा तो आपापल्या बिऱ्हाडी. पुढे दोघांनी मिळून एखादं कोरं नाटक बसवायला घेतलं असतं तर? तालमीत कुणाचा शब्द चालला असता? चाली कुणाच्या? जाहिरातीत आधी नाव कुणाचं? या प्रश्नांची उत्तरं मिळायची वेळच आली नाही. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय अवघं ३१. त्या रात्रीला तीन महिनेही पुरे झाले नव्हते.

फुटून पुन्हा एकत्र आलेली आणि त्यानंतर कोरं काही केलेली 'कंपनी' आपल्या महाराष्ट्रात शोधायला गेलो, तर मला नाटक सोडून थेट मुंबईच्या रॉक संगीतात जावं लागतं. नाकं मुरडू नका, नाटक कंपनी आणि रॉक बँड यांच्यात फार फरक नसतो. तीच फिरस्ती, तीच एका गाडीतली दाटी, तेच हिशेब.

१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया ही त्यातली ठळक नावं. त्या काळी आपल्याकडचे बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. यांनी हट्टाने स्वतःची गाणी केली. १९८८ मध्ये पहिला अल्बम, १९९० मध्ये दुसरा. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याला एमटीव्हीच्या अमेरिकेतल्या सोहळ्यात आशियाच्या प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं. सांगलीत तेव्हा केबल नुकती रुळत होती. आपल्या मुंबईची पोरं एमटीव्हीवर दिसतात याचं मला कोण अप्रूप! १९९५ मध्ये आणखी एक अल्बम आला आणि १९९७ मध्ये कंपनी फुटली. कुणी न्यूयॉर्कला गेलं, कुणी इथेच दुसऱ्या कामाला लागलं.

तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर दोन तरुण वादक घेतले, रशद मिस्त्री आणि जय रो कवी. जुन्या गाण्यांचे चार कार्यक्रम करून पैसे आणि टाळ्या दोन्ही मिळवता आले असते. पण त्यांनी २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' नावाचा पूर्ण नवा अल्बम काढला. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी! तो जुन्यासारखा वाजत नाही. पहिल्यांदा ऐकताना मी थोडा खट्टूच झालो होतो. मला माझं अठरा-वीस वर्षांचं वय परत हवं होतं आणि ही माणसं मात्र पुढे निघून गेली होती. पण दोन-चारदा ऐकल्यावर लक्षात आलं, की याचाच अर्थ ती खरंच एकत्र आली आहेत. नुसतं आठवण काढायला जमलेली नाहीत.

हाच विचार पक्का झाला तो ऑस्ट्रेलियातल्या एका बँडमुळे. माझा भाचा मेलबर्नला असतो (घरच्यांना कोण ते कळलंच असेल). त्याने मला 'मिडनाइट ऑइल'ची ओळख करून दिली. सिडनीचा हा बँड १९७० च्या दशकातला. ताडमाड उंच, डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला पीटर गॅरेट हा त्यांचा गायक. १९८७ च्या 'बेड्स आर बर्निंग' या गाण्याने ते जगभर पोचले. ते गाणं तिथल्या आदिवासींची जमीन त्यांना परत द्या असं सांगणारं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात हे लोक काळ्या कपड्यांवर 'सॉरी' हा शब्द लिहून उभे राहिले. आदिवासींची अधिकृत माफी मागायला नकार देणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड समोर प्रेक्षकांत बसलेले होते! आपल्या शाहिरांची जातकुळी म्हणतो ती हीच.

२००२ मध्ये गॅरेट बँड सोडून राजकारणात गेला. २००४ मध्ये खासदार, २००७ मध्ये पर्यावरणमंत्री. आणि जो माणूस आयुष्यभर अणुइंधनाच्या विरोधात गात आला, त्यालाच २००९ मध्ये मंत्री म्हणून युरेनियमच्या एका खाणीला मंजुरी द्यावी लागली. जुने चाहते किती चिडले असतील याची कल्पना करा.

या दुराव्याच्या काळात बँड दोनदा मोठ्या रंगमंचावर एकत्र आला. जानेवारी २००५ मध्ये त्सुनामीग्रस्तांसाठी सिडनीला, आणि मार्च २००९ मध्ये वणव्यात होरपळलेल्यांसाठी मेलबर्नला. चांगलं काम, तुडुंब गर्दी, जुनी गाणी, आणि मग ज्याचा तो आपापल्या वाटेने. हे वाचताना मला थेट बालीवाला थिएटर आठवलं. फंडासाठी एक रात्र!

२०१३ मध्ये गॅरेट संसदेतून बाहेर पडला. २०१७ मध्ये बँडने जगभर दौरा केला, तोही मुख्यतः जुन्या गाण्यांचा. आणि मग ३० ऑक्टोबर २०२० ला अठरा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं नवं काम आलं, 'द मकराटा प्रोजेक्ट'. त्यात ते एकटे नव्हते. ज्यांच्याबद्दल इतकी वर्षं गात होते त्या आदिवासी गायकांना सोबत घेऊन केलेली ती गाणी होती. ऑस्ट्रेलियात हे काम विक्रीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं.

'मकराटा' हा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या योलंगू लोकांचा शब्द आहे. भांडणानंतर पुन्हा एकत्र येणं, समेट करणं असा त्याचा अर्थ. पण त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. ज्याने अपराध केला त्याच्या मांडीत भाला मारायचा, त्याची जखम सगळ्यांनी बघायची आणि मग तंटा मिटला असं मानायचं, अशी ती रीत. म्हणजे समेट फुकट होत नाही. "झालं गेलं विसरून जाऊ" असं म्हणून तर मुळीच होत नाही.

या गाण्यांनी सगळं बदललं असं नाही. आदिवासींचं मत मांडणारं मंडळ घटनेत असावं, हा प्रस्ताव ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी नाकारला. गाण्याला तेवढीच ताकद असते जेवढी असते. असो.

इथे मला माझ्या आजोळची गोष्ट सांगायला हवी. नातेवाईकांपैकी काहीजण रागावतील, पण आता दोन्ही मामांची हरकत नाही, विचारून घेतलं आहे. सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे आमचं आजोळ. थोरले मामा पखवाज वाजवतात, धाकटे पेटी वाजवतात आणि गातात. दोघांचं मिळून गावात एक भजनी मंडळ होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं आणि मंडळाची दोन मंडळं झाली. एक वरल्या आळीचं, एक खालच्या आळीचं. एकाच एकादशीला एकाच गावात दोन ठिकाणी तेच अभंग, त्याच चालीत. एकाकडे पेटी चांगली, दुसऱ्याकडे पखवाज. हे चौदा वर्षं चाललं.

आजीच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांनी आग्रह करून दोघांना एकत्र बसवलं. आजीला आवडणारे अभंग झाले. मावश्या रडल्या, आम्ही रडलो, फोटो काढले. आम्हाला वाटलं की मिटलं. दुसऱ्या दिवशी दोघेही आपापल्या दारात, पुन्हा अबोला. ते आमचं संयुक्त 'मानापमान' होतं!

खरी गोष्ट घडली त्यानंतर वर्षभराने, आणि ती बघायला कुणी जमलेलं नव्हतं. धाकट्या मामांना तुकोबांच्या एका अभंगाला नवी चाल सुचली होती. त्यांच्या मंडळातल्या पखवाज वाजवणाऱ्या पोराला तिचा ठेका काही जमेना. एका संध्याकाळी ते पेटी उचलून थोरल्याच्या पडवीत जाऊन बसले. थोरल्यांनी चाल ऐकली आणि म्हणाले, "ही चाल कुठे चाललीय तेच कळंना. समेवर येतोस कुठं तू?" झालं! दोन तास दोघे त्या समेवरून भांडले. थोरल्या मामींनी तीनदा चहा केला. त्यांनी नंतर मला सांगितलं, "चौदा वर्षांत मी पहिल्यांदाच निवांत झोपले त्या रात्री. दोघं भांडत होते ना!"

मामींना जे कळलं ते मला इतकं वाचून, ऐकून कळायला वेळ लागला. जुनं गाणं एकत्र म्हणायला माणसं एकमेकांची असावी लागत नाहीत. ते पाठ असतं, हात आपोआप चालतात, शेजारी कोण बसलंय याने काही अडत नाही. नवीन चाल बसवायची तर मात्र शेजारच्याकडे बघावं लागतं. त्याचं ऐकावं लागतं, त्याला "हे नाही जमलं" असं सांगावं लागतं आणि त्याच्याकडून तेच ऐकून घ्यावं लागतं. ज्या गोष्टींवरून कंपनी फुटली त्या सगळ्या पुन्हा समोर येऊन बसतात. त्या धोक्यासकट जे बसतात, ते खरे एकत्र आलेले.

विहिरीच्या पाळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही सांगून टाकतो. आता तो मोटारीच्या पाळीचा झाला आहे. पण ती चाल गेल्या सप्ताहात झाली, पखवाजासकट.

मिडनाइट ऑइलबद्दलची एक गोष्ट सांगायची राहिली. बोन्स हिलमन हा त्यांचा बास वाजवणारा. 'मकराटा'ची गाणी प्रसिद्ध झाल्यावर आठच दिवसांनी, ७ नोव्हेंबर २०२० ला, तो कर्करोगाने गेला. पुढच्या, म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या 'रेझिस्ट' अल्बमसाठीही त्याने आधीच वाजवून ठेवलं होतं. तेव्हा माणूस गेल्यानंतरही त्याचं नवीन वाजवणं लोकांनी ऐकलं. त्याच वर्षी बँडने आपला अखेरचा दौरा केला. त्यांनी आणखी दोन वर्षं "बघू, करू" म्हणत काढली असती, तर हिलमनच्या नावावर फक्त जुनी गाणी उरली असती.

केशवरावांना तीन महिनेही मिळाले नाहीत. या मंडळींना थोडे जास्त मिळाले आणि त्यांनी ते वापरले.

आपल्याकडे लग्नात, बारशात, श्राद्धात सगळे भेटतात, जुन्या आठवणी निघतात, हसतात, डोळे पुसतात आणि आपापल्या गाडीत बसतात. ते वाईट नाही, चालू राहू दे. पण आमच्या नात्यात ज्यांची ज्यांची कंपनी फुटली आहे (मी नावं घेत नाही, तुम्हाला तुमची माहीत आहेत), त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा जुना अल्बम उघडू नका. मिळून एखादं कोरं काम काढा. बांधावर झाडं लावा, पडकी पडवी उभारा, काहीही. ज्यावरून नव्याने भांडावं लागेल असं. आणि जरा लवकर काढा.